कॅन्सर बरा झाला, पण हात सुजतोय आणि थकवा जात नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी अमळनेर तालुक्यातली, वय ४६. मागच्या वर्षी डाव्या छातीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या, मग केमो झाली, शेक (रेडिएशन) झाला, आता फक्त रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत पण थकवा काही जात नाही. दिवाळीनंतर कापूस वेचायला गेले तर चार दिवसांत डावा हात जड पडला, बांगड्या रुतायला लागल्या. शेजारीण म्हणते गरम तेलाने रगड. सासूबाई प्रेमळ आहेत पण त्याही म्हणतात "आते बरी व्हयनी ना तू?", मग मलाच वाटतं मी आळशी झाले का. घरात माझं वांगं पण बंद केलंय. मुंबईला चेकअपला जायचं तर भाड्याचा विचार येतो.

उत्तर : ताई, तुम्ही आळशी नाही, हे आधी मनातून काढून टाका. उपचार संपले म्हणजे अंगात लगेच ताकद येते असं नसतं, हा थकवा कित्येक महिने राहतो, काहींना वर्षाच्या वर राहतो, आणि तो झोपून जात नाही. एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाकी रोज सकाळी ऊन चढायच्या आत थोडं चालायचं, आधी घरापासून देवळापर्यंत आणि मग हळूहळू वाढवायचं. चालण्याने थकवा कमी होतो, ऐकायला उलटं वाटेल पण खरंच होतो.

आता हात. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वर जायची वाट कमी होते आणि ते हातातच साठतं, त्याला लिम्फेडीमा म्हणतात. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी होतो, कधी काही वर्षांनी पण होतो. बांगडी रुतणं, ब्लाउजची बाही घट्ट होणं ही सुरुवातीचीच खूण आहे, म्हणजे तुम्ही वेळेत विचारलंत आणि मला त्याचं फार बरं वाटलं. गरम तेल, जोरात रगडणं, गरम पाण्याचा शेक यातलं काहीही नको. फिजिओथेरपिस्टला दाखवा, ते हलका व्यायाम शिकवतील आणि हाताला सारखा दाब देणारी, मापाची खास बाही देतील. आणि घाबरून हात गळ्यात बांधून ठेवू नका, हात हलता राहिलाच पाहिजे.

वेचणी कायमची सोडा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं हे मला कळतं. पण बोंडाची वाळकी टोकं बोटांना ओरखडतात आणि या हाताला तेवढ्याश्या जखमेतून पण इन्फेक्शन होतं, म्हणून हातमोजे घाला, घरी आल्यावर हात साबणाने धुवा आणि खोबरेल लावा. थोडा थोडा वेळच वेचा. कापसाचं गाठोडं मात्र सध्या दुसऱ्या कोणाला तरी उचलू द्या. डाव्या हातातल्या बांगड्या उजव्यात घाला. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वांग्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खुशाल भरीत करा, कळण्याची भाकरी करा, पोटभर खा. डाळ, अंडी, दूध रोज पोटात जाऊ द्या. हार्मोनची गोळी साधारण ५ वर्षं, काहींना १० वर्षं घ्यावी लागते, अंगातून वाफा निघाल्या तरी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

आणि भाड्यापायी चेकअप चुकवू नका बरं का. कॅन्सर पेशंटला उपचाराला किंवा चेकअपला जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला त्यात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, ते मागून घ्या. या खेपेला सोबत सासूबाईंनाच न्या, थकव्याचं आणि हाताचं त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.