कांगड्याला जाताय? मग मॅक्लोडगंजवरून खाली उतरा

गेल्या अंकात धौलाधार डोंगररांगेचा फोटो छापला आणि तेव्हापासून हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्याबद्दलच प्रश्न येतायत. बहुतेकांचा प्लॅन सारखाच दिसतो, दोन दिवस धरमशाला-मॅक्लोडगंज आणि मग गाडी पुढे डलहौसीला. माझं मनापासून सांगणं आहे की असं करू नका, खालच्या दरीला निदान तीन दिवस द्या, कारण खरा कांगडा तिथे आहे.

ताई, मे महिन्यात आईला (वय 72) घेऊन जायचंय. टूरवाले म्हणतात हिमाचल म्हणजे थंडच. खरंय का? – एक वाचक, डोंबिवली

अर्धंच खरंय. कांगडा शहर साधारण 730 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही खाली, तिथे मे महिन्यात दुपारी चांगलंच तापतं. धरमशाला साधारण महाबळेश्वरच्या उंचीचं आणि मॅक्लोडगंज त्याच्याही वर, 2000 मीटरच्या आसपास. त्यामुळे आईंना घेऊन मुक्काम धरमशालेत किंवा पालमपूरच्या चहाच्या मळ्यांजवळ करा, आणि खालची देवळं सकाळी लवकर उरकून दुपारी वर या. जमत असेल तर मे सोडाच, दिवाळीच्या सुट्टीत जा. आभाळ धुतल्यासारखं असतं आणि धौलाधार अख्खी दिसते. या डोंगररांगेची गंमत ही की पुढे छोटे डोंगर, मग मोठे डोंगर असं काही नाहीच, भातशेतं संपली की समोर एकदम चार-साडेचार हजार मीटरची भिंतच उभी. पावसाळी ढग त्याच भिंतीला अडतात म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धरमशालेत धुवांधार कोसळतं. आपल्याला वाटतं मुंबईकरांना पावसाचं काय कौतुक, पण तिथे पाणी तुंबत नाही, दरडच रस्त्यावर येते, तेव्हा आईंना घेऊन पावसाळ्यात अजिबात नको.

कांगड्याची बज्रेश्वरी आणि आपली वज्रेश्वरी एकच का? आणि बैजनाथ म्हणजे परळीचा वैजनाथ का? – एक वाचक, विरार

किती छान प्रश्न! नाव तेच, वज्रेश्वरी, तिकडे 'व'चा 'ब' होतो. आपलं गणेशपुरीजवळचं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं, 1739 ला वसई घेतल्यानंतरचं. कांगड्याची बज्रेश्वरी मात्र शक्तिपीठ मानतात आणि तिची श्रीमंती इतकी होती की 1009 मध्ये गझनीचा महमूद तिथपर्यंत पोचला. आजचं देऊळ जुनं नाही, कारण 4 एप्रिल 1905 च्या पहाटे झालेल्या भूकंपात ते पडलं, नंतर पुन्हा बांधलं. त्या भूकंपात या भागात वीस हजारांवर माणसं गेली, कांगडा शहर तर जवळजवळ सपाट झालं. संक्रांतीला गेलात तर देवीच्या पिंडीवर लोण्याचा जाड थर दिसेल, महिषासुराशी लढताना झालेल्या जखमांवर देवांनी लोणी लावलं अशी श्रद्धा आहे.

बैजनाथ म्हणजेसुद्धा वैद्यनाथ, नाव परळीचंच पण देऊळ वेगळं. 1204 साली मन्युक आणि आहुक या दोन व्यापारी भावांनी बांधलं असं तिथल्या शिलालेखात आहे आणि भूकंपातून ते बऱ्यापैकी वाचलं. दसऱ्याला बैजनाथ गावात रावण जाळत नाहीत, कारण तो शंकराचा भक्त होता आणि त्याने इथेच तप केलं असं मानतात.

टॉय ट्रेन मिळेल का? मुलाला माथेरानची फार आवडली होती. – एक वाचक, बदलापूर

कांगड्याच्या गाडीला टॉय ट्रेन म्हणू नका, गावागावातली माणसं शाळा, बाजार, नातेवाइकांकडे जायला ती वापरतात. पठाणकोट ते जोगिंदरनगर 164 किलोमीटर, रूळ अडीच फुटी (माथेरानचे दोन फुटी), 1929 ला सुरू झाली. जोगिंदरनगरच्या वीजप्रकल्पाचं सामान न्यायला ही लाइन टाकली. शिमल्याच्या गाडीला शंभरावर बोगदे आहेत आणि इथे फक्त दोन, डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घातला, म्हणून खिडकीतून धौलाधार सतत सोबत राहते. आता महत्त्वाचं, चक्की नदीवरचा रेल्वे पूल ऑगस्ट 2022 च्या पुरात कोसळला आणि तेव्हापासून पठाणकोटच्या बाजूचं वेळापत्रक बिघडलं, पावसाळ्यात तर गाड्या बऱ्याचदा बंदच, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा आणि मुलाला आधीच प्रॉमिस करू नका.

आम्ही सह्याद्रीतले गडकोट फिरणारे. कांगड्याचा किल्ला बघण्यासारखा आहे का? – चार मित्र, ठाणे

आहेच. बाणगंगा आणि मांझी या दोन नद्यांच्या मधल्या सोंडेवर बसलाय, तीन बाजूंनी सरळ कडा, तुम्हाला बघताक्षणी कळेल की ही जागा का निवडली असेल. एकामागोमाग एक दरवाजे आहेत, रणजितसिंग दरवाजा, अहनी, अमीरी, जहांगिरी, म्हणजे चढता चढता इतिहासच वाचत जायचा. जहांगीरच्या फौजेने 1620 ला घेतला, कांगड्याच्या राजा संसारचंदने 1786 ला परत मिळवला, मग गुरख्यांचा वेढा पडला तो काही केल्या उठेना, शेवटी त्याने महाराजा रणजितसिंगांना मदतीला बोलावलं आणि वेढा उठला पण मोबदल्यात 1809 ला किल्लाच गेला. 1846 ला इंग्रजांकडे. ज्या किल्ल्यासाठी बापजाद्यांनी जन्म घालवले तो असा स्वतःच्या हाताने द्यावा लागला, वरच्या तटावर उभं राहून हे आठवलं की पोटात कालवतं. वर राजवाडा-मंदिरांचे कोरीव खांब तुटून पडलेत, भूकंपाने तोफांपेक्षा जास्त नुकसान केलं.

आणि मसरूर चुकवू नका, प्लीज. आठव्या शतकातलं, एकाच वालुकाश्माच्या टेकडीतून कोरलेलं देऊळ, वेरूळच्या कैलासासारखंच. पण आपला कातळ काळा बसाल्ट, कोरीवकाम टिकून राहिलं, इथला दगड मऊ, हाताला भुरभुरीत लागतो, नाकडोळे झिजून गेलेत. समोर तळं आहे. मी पोचले तेव्हा वारा पडलेला होता आणि पाण्यात अख्खी शिखरं उलटी उभी होती, मग एका म्हशीने पाय टाकला आणि सगळं हललं. गावातले लोक देवळाला ठाकुरद्वारा म्हणतात, आत राम-लक्ष्मण-सीता आहेत पण दारावर कोरलेला शंकर सांगतो की मूळ देऊळ कोणाचं. गिरगावात (तिथेही ठाकुरद्वार आहेच) वाढलेल्या मला ठाकुरद्वारा हा शब्द तिथे ऐकून काय वाटलं ते सांगता येणार नाही.

शाकाहारी जेवणाची सोय? – एक वाचक, मुलुंड

भरपूर. लग्नकार्याचं किंवा देवळातलं 'धाम' मिळालं तर सोडू नका. आपल्यासारखीच पंगत, जमिनीवर बसायचं, पत्तलवर आधी भात आणि त्यावर एकेक पदार्थ, दह्यात शिजवलेला चण्याचा मदरा, माह म्हणजे उडदाची डाळ, आंबटगोड खट्टा, शेवटी मीठा भात. करणाऱ्या आचाऱ्यांना बोटी म्हणतात.

वय 80, गुडघे गेलेत, प्रवास होणार नाही. पण कांगड्याची चित्रं एकदा प्रत्यक्ष बघायची इच्छा आहे. – एक वाचक, गिरगाव

आजोबा, त्यासाठी हिमाचलला जायची गरजच नाही! काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहाडी चित्रं आहेत. टॅक्सीने जा, नातवंडाला सोबत घ्या, सोमवार ते शुक्रवार गर्दी कमी असते. कांगड्याची ही पहाडी शैली आकाराला आली ती गुलेरला, मॅक्लोडगंजच्या बर्फाकडे नाही तर खालच्या दरीत. पंडित सेऊ आणि त्यांची मुलं माणकू, नैनसुख हे तिथले चित्रकार, पुढे त्यांच्या वारसांना संसारचंदने आश्रय दिला. चित्रात राधाकृष्णाच्या मागे बुटक्या गोल हिरव्या टेकड्या आणि नदी दिसली तर नातवाला सांगा की त्या दरीतली माणसं आजही तसल्याच टेकड्यांखाली राहतात. आणि काचेच्या जितकं जवळ जाऊ देतील तितकं जा, चश्मा पुसून, पदराच्या काठावरची बारीक सोनेरी रेघ लांबून दिसत नाही.