जास्तीचे सेलेनियम शरीराबाहेर जाते कसे?

प्रश्न : माझे वय ६४ आहे. थायरॉइडला चांगले असे ऐकून गेले पाच महिने मी रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमची एक गोळी घेते आणि सकाळी चार ब्राझील नटही खाते. मागच्या आठवड्यात रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.६ आले. ‘जास्तीचे सेलेनियम लघवीवाटे निघून जाते, काळजी करू नकोस,’ असे मुलगा म्हणतो. पण मूत्रपिंडच थकले असेल तर ते जाणार कसे? पाणी वाढवावे का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे, आणि आपली शंका नेमकी उरलेल्या अर्ध्यावर बोट ठेवते. लोहाच्या बाबतीत शरीर आतड्यातच हात आखडता घेते. सेलेनियमला तिथे फारशी अडवणूक होत नाही. गोळीत सेलेनोमेथिओनिन हे सेलेनियमचे रूप असेल तर त्यातले ९० टक्क्यांहून अधिक रक्तात उतरते, शरीराला गरज असो वा नसो. त्यामुळे समतोल राखण्याचा भार बाहेर टाकण्याच्या वाटेवर पडतो, आणि या वाटांपैकी सर्वांत मोठी वाट लघवीची.

मात्र मूत्रपिंड म्हणजे नुसती गाळणी, ही समजूत इथे उपयोगाची नाही. निवड आधी यकृतात होते. तिथे सेलेनियमपासून ‘सेलेनोप्रोटीन पी’ नावाचे प्रथिन तयार होऊन रक्तातून इतर अवयवांकडे जाते, आणि गरजेपेक्षा अधिक असलेल्या सेलेनियमला साखरेचा एक रेणू जोडून ‘सेलेनोशुगर’ बनवली जाते. ती पाण्यात सहज विरघळते आणि मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत उतरते. सेवन फारच वाढले की लघवीत ट्रायमिथिलसेलेनोनियम हे दुसरे रूपही वाढते, आणि त्यापलीकडे डायमिथिल सेलेनाइड हा वायू श्वासावाटे बाहेर पडू लागतो. लसूण खाल्लेला नसताना श्वासाला लसणासारखा वास येत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

मूत्रपिंडाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. मूत्रनलिकांच्या सुरुवातीच्या भागातील पेशींवर मेगालिन नावाचा ग्राहक, म्हणजे ठरावीक पदार्थ पकडणारा रेणू, असतो. तो गाळलेल्या द्रवात आलेले सेलेनोप्रोटीन पी पकडून पुन्हा आत घेतो आणि लघवीवाटे वाया जाऊ देत नाही. याच पेशी त्या सेलेनियमपासून ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बनवून रक्तात सोडतात. म्हणजे सेलेनियम टाकणारा आणि जपणारा अवयव एकच आहे. तो दुबळा झाला की दोन्ही कामे मंदावतात : लघवीतून जाणारे सेलेनियम घटते आणि रक्तातील या विकराची क्रियाही उतरते. डायलिसिसवरील रुग्णांच्या रक्तात सेलेनियम बहुधा कमीच आढळते, कारण त्यांचा आहार आणि प्रथिनांचे सेवन घटलेले असते. मात्र त्यावरून मूत्रपिंडाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळी सुरू करणे मला मुळीच मान्य नाही.

आता आपला हिशेब मांडू. एका ब्राझील नटमध्ये सुमारे ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम असते, आणि झाड कोणत्या मातीत वाढले यानुसार हा आकडा बराच बदलतो. चार बियांचे साधारण २८० ते ३६०, त्यात गोळीचे २००, म्हणजे रोज ४८० ते ५६०. शिवाय जेवणातले वेगळे. अमेरिकेतील आहारशास्त्रीय शिफारशीनुसार प्रौढाची गरज दिवसाला ५५ आणि सुरक्षिततेची वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. निरोगी माणसासाठीही हे सेवन अधिक आहे. तेव्हा गोळी आणि बिया दोन्ही आजच थांबवाव्यात, आणि क्रिएटिनिनच्या अहवालासोबत गोळीची बाटलीही डॉक्टरांना दाखवावी. घरी हाताची नखे उजेडात धरून पाहावीत : ती ठिसूळ होऊन कडा तुटत असतील किंवा त्यांवर पांढरट आडव्या रेघा उमटल्या असतील, अथवा केस विंचरताना गळत असतील, तर तेही सांगावे.

पाण्याविषयी सांगायचे तर तांब्यावर तांबे पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते. सेलेनियम त्यामुळे अधिक सुटत नाही. शिवाय १.६ क्रिएटिनिन असताना पाणी किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रश्न : लघवी तपासून शरीरातील सेलेनियम कळते का?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : एका वेळच्या लघवीवरून नाही. तिच्यात मुख्यतः गेल्या एक-दोन दिवसांतील आहाराचे प्रतिबिंब असते, आणि सकाळच्या घट्ट लघवीचा आकडा दुपारच्या पातळ लघवीशी जुळत नाही. म्हणून २४ तासांची सारी लघवी एका कॅनमध्ये साठवून तपासतात, किंवा आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात. शरीरातील एकूण स्थितीसाठी रक्ताची तपासणी बरी. आणि मागील काही महिन्यांचे चित्र हवे असेल तर नखांच्या कातरणांतूनही ते मिळते, कारण वाढणाऱ्या नखात सेलेनियम थरामागून थर बसत जाते.