स्मार्ट एनर्जी मीटर घरात बसवावा का? आधी प्रश्न ठरवा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बिल वाढतंय, कारण सापडत नाही, तर क्षणाक्षणाचा वापर मोबाइलवर दाखवणारा स्मार्ट एनर्जी मीटर डीबीमध्ये (घरातले सगळे मुख्य स्विच असतात त्या वितरण पेटीत) बसवून घेतला तर पैसे वसूल होतील का? माझं उत्तर: बहुतेक घरांना मोजणीची गरज असते, कायम बसवलेल्या मीटरची नसते. विकणारे या दोन गोष्टी एकच असल्यासारखं बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू. वीज कंपनी बसवते तो स्मार्ट मीटर वेगळा. तो दर १५ किंवा ३० मिनिटांचा एकूण वापर कंपनीकडे पाठवतो आणि बिल त्यावर निघतं. तुम्ही विचारताय तो कंपनीच्या मीटरनंतर, आपल्या बाजूला बसतो. तारेभोवती सीटीचे (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तार न कापता तिच्यातला करंट मोजणारं कडं) क्लॅम्प लागतात, छोटा डबा वायफायवर माहिती पाठवतो. बिलाशी त्याचा थेट संबंध नाही. कंपनीचा स्मार्ट मीटर तुमच्याकडे आधीच असेल तर पहिल्यांदा त्याचं अ‍ॅप उघडून बघा. अर्ध्या-अर्ध्या तासाचा आलेख तिथे मिळत असेल तर निम्मं काम फुकटात झालं.

आता बचत. वापर डोळ्यांसमोर दिसला की माणूस आपोआप वीज कमी वापरतो, हा या उपकरणांचा मुख्य दावा. ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० या काळात हजारो घरांवर याची मोठी चाचणी झाली. स्मार्ट मीटर आणि घरात ठेवायचा डिस्प्ले, दोन्ही दिलेल्या घरांत विजेची बचत साधारण ३ टक्क्यांच्या आसपास निघाली. शून्य नाही, पण जाहिरातीत दिसते तेवढीही नाही.

हे आकडे स्वतःच्या घराला लावून बघा. महिन्याला २५० युनिट म्हणजे वर्षाला ३००० युनिट. त्याचे ३ टक्के म्हणजे ९० युनिट. हे उपकरण स्वतः चोवीस तास चालू असतं. ते २ वॅट घेतं असं धरलं तर वर्षाला साडेसतरा युनिट त्यातच गेली. राहिली साधारण ७२. त्यांना तुमच्या युनिटच्या दराने गुणा आणि उपकरणाची किंमत अधिक वायरमनची मजुरी याच्याशी ताडून बघा. दर टप्प्याटप्प्याने वाढत असतील तर वाचलेलं युनिट सगळ्यात वरच्या टप्प्याचं असतं, तेव्हा तो दर धरा. तरीही छोट्या घरात हे गणित कुठे पोचतं ते तुम्हालाच दिसेल.

मग बिल का वाढलं हे शोधायचं कसं? त्यासाठी काहीही विकत न घेता सुरुवात करता येते. कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती पल्स (म्हणजे किती लुकलुकी) ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना पल्सच्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. ३२०० पल्सच्या मीटरवर दिवा दर १० सेकंदांनी लागत असेल तर घर त्या क्षणी ११२ वॅट घेतंय. दिवा फार झपाट्याने लागत असेल तर दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढा.

हे मोजायची सगळ्यात चांगली वेळ रात्री सगळे झोपल्यावरची. दिवे, पंखे, एसी बंद, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना जे उरतं तो तुमच्या घराचा पाया. माझ्या मते वीजवापराच्या सगळ्या मोजमापांत हा एक आकडा सर्वांत उपयोगी आहे आणि नेमका तोच कोणी बघत नाही. १०० वॅटचा पाया म्हणजे वर्षाला ८७६ युनिट. वरच्या ३००० युनिटच्या घरात हा जवळजवळ तीस टक्के वाटा झाला, तोही कोणी काही ‘वापरत’ नसताना. पाया २०-३० वॅटच्या घरात असेल तर तिकडे शोधाशोध करू नका. १०० च्या वर असेल तर डीबीतले एमसीबी (प्रत्येक सर्किटचे, भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) एकेक करून खाली पाडा आणि कुठल्या सर्किटला दिव्याची गती एकदम मंदावते ते बघा. खोली सापडली की उपकरण सापडायला वेळ लागत नाही.

सापडतं काय? मोबाइलचा चार्जर सहसा नसतो. लोक त्याच्यावर उगाच दात धरतात. चांगला नवा चार्जर मोकळा असताना ०.१ वॅट घेतो असं धरलं तर वर्षाचं एक युनिटही भरत नाही. नवे टीव्हीही बहुतेक निर्दोष, कारण युरोपीय संघाने २०१३ पासून साध्या स्टँडबायवर अर्ध्या वॅटची मर्यादा घातली आणि जगभर विकणारे उत्पादक एकाच बाजारासाठी वेगळं सर्किट सहसा करत बसत नाहीत. दोषी निघतात ते सेट-टॉप बॉक्स (रिमोटने बंद केला तरी जुने बॉक्स जवळपास तेवढीच वीज घेत राहतात), जुना ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर, सतत चालू राहिलेला डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, आणि म्हातारी झालेली इन्व्हर्टरची बॅटरी. ती बॅटरी भरल्यावरही चार्जरकडून वीज ओढतच राहते आणि ती नुसती उष्णतेत जाते.

पुढची पायरी म्हणजे प्लगमध्ये खोचायचा मोजणी मीटर. एकच घ्या आणि घरभर फिरवा. फ्रिजला मात्र तो किमान दोन-तीन दिवस लावून ठेवा, कारण कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला बर्फ वितळवणारा हीटर अधूनमधूनच लागतो. तासाभराच्या मोजणीतून काहीच कळत नाही. कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही असं दिसलं तर दाराचं रबर आणि मागची जाळी तपासा. गिझर, एसी असल्या जड उपकरणांना १० अँपिअरचा स्वस्त स्मार्ट प्लग लावू नका. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे कागदावर बसतो. पण तासन्‌तास त्या भारावर संपर्क तापतात आणि प्लास्टिक वितळायला लागतं. जड उपकरणाला १६ अँपिअरचाच.

आणि कित्येक गोष्टींना मोजणीही लागत नाही, पाटी वाचली की पुरे. ७५ वॅटच्या साध्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा, रोज १२ तास: वर्षाला सुमारे १९७ युनिट कमी, प्रत्येक पंख्यामागे. गिझरमध्ये १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ०.६१ युनिट लागतं, आलेख काढा की न काढा. हे ठाऊक असूनही कोणी स्विच बंद करत नसेल तर तो मीटरने सुटणारा प्रश्न नाही.

इथवर सगळं ‘कशाला घेताय’ असं वाटेल. पण माझ्या घरी कायमचा मीटर आहे आणि तो मी काढणार नाही. कारण बचत नव्हे, बिघाड. आमच्याकडे पंपाच्या आलेखात खेपा वाढलेल्या दिसल्या म्हणून टाकी बघितली, तर बॉलकॉक गळत होता. बिलावरून हे कधीच कळलं नसतं. पंपाची वीज एकूण बिलात दिसेनाशी होते. पाणी नसताना पंप कोरडा फिरला की वॅट नेहमीपेक्षा खाली येतात, तिथे सूचना लावता येते. एसीचा गॅस कमी झाला की तो ठरलेलं तापमान गाठायला जास्त वेळ चालतो. गिझरचा थर्मोस्टॅट चिकटला तर दुपारी रिकाम्या घरात २००० वॅट दिसतात. ही बातमी वेळेवर मिळण्याची किंमत युनिटमध्ये मांडता येत नाही. ज्यांचं घर बरेच दिवस बंद असतं त्यांना तर ती जास्तच.

बचतीच्या अंगाने कायमचा मीटर पटतो तो जिथे रोजचा निर्णय बदलू शकतो तिथे. छतावर सोलर असेल तर इन्व्हर्टरचं अ‍ॅप सहसा फक्त निर्मिती सांगतं. घराने त्यातलं किती खाल्लं आणि किती बाहेर गेलं हे कळायला मुख्य तारेवर सीटी लागतेच. बाहेर दिलेल्या युनिटचा दर घेतलेल्यापेक्षा कमी असेल तर वॉशिंग मशीन, पंप, गिझर दुपारी चालवण्यात खरा फायदा आहे. बाहेर दिलेलं प्रत्येक युनिट घेतलेल्या युनिटमधून तसंच वजा होत असेल तर तो फायदा बराच आटतो, हेही लक्षात घ्या. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत असतील, घरी गाडी चार्ज होत असेल, किंवा तीन फेजपैकी एकाच फेजवर सगळा भार येऊन एमसीबी पडत असेल, तर जरूर बसवा. भाडेकरूचा हिशेब ठेवण्यापुरता हवा असेल तर वायफाय वगैरे सोडा, डीआयएन रेलवर (एमसीबी ज्या पट्टीवर बसतात तिच्यावर) बसणारा साधा सब-मीटर घ्या. त्याला अ‍ॅप नाही, पासवर्ड नाही, आकडा दोघांना दिसतो, वाद होत नाहीत.

‘एकाच सेन्सरवरून घरातलं प्रत्येक उपकरण ओळखतो’ या दाव्याबद्दल. कल्पना जुनी आणि हुशार आहे. एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर काम केलं आणि १९९२ साली त्यांचा गाजलेला शोधनिबंध आला. एकूण वापरात किती वॅटची पायरी चढली-उतरली त्यावरून उपकरण ओळखायचं. गिझर, इस्त्री, जुना फ्रिज यांना हे लागू पडतं. पण इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर फ्रिज, बीएलडीसी पंखे पायरी चढतच नाहीत, उतारावरून सरकल्यासारखे हळूहळू वर-खाली होतात, आणि नेमकी हीच उपकरणं आता घरोघर येताहेत. शिवाय २००० वॅटचे दोन हीटर त्याला सारखेच. तेव्हा ‘ओळखण्या’साठी जादा पैसे देण्यापेक्षा तेवढ्यात चार-सहा जादा सीटी मिळतात का बघा: एक एसीच्या सर्किटला, एक गिझरला, एक पंपाला. अंदाज नको, सरळ मोजमाप.

निवडताना एक गोष्ट जरूर विचारा: उपकरण व्होल्टेजही मोजतं का? नुसता करंट मोजून २३० ने गुणणारे स्वस्त मीटर पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खरोखर खर्च होणारा वाटा) धरत नाहीत. ज्या उपकरणाचा पॉवर फॅक्टर ०.५ आहे ते त्यांच्यावर दुप्पट वॅटचं दिसतं. छोट्या एलईडी दिव्यांचं आणि अ‍ॅडॉप्टरचं असं होतं, आणि मग रात्रीचा पायाच फुगलेला दिसतो. सीटीही गरजेपेक्षा फार मोठी नको. १०० अँपिअरची सीटी २०-३० वॅटवर नीट बोलत नाही.

बसवणं वायरमनकडूनच. मेन स्विच पाडला तरी त्याच्या वरच्या टोकांना वीज असतेच, आणि क्लॅम्प बहुतेकदा तिथेच लावायचा असतो. काम झाल्यावर तपासणी मात्र स्वतः उभं राहून करा. क्लॅम्प फक्त फेजच्या तारेभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र आत घेतल्या तर दोन्हींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकाला खातं आणि आकडा शून्य येतो. क्लॅम्पवरचा बाण उलटा असेल तर वापर उणे दिसतो. तीन फेजच्या घरात एका फेजची सीटी दुसऱ्या फेजच्या व्होल्टेजशी जोडली गेली तर २००० वॅटचा गिझर उणे १००० दाखवतो, कारण दोन फेजमध्ये १२० अंशांचं अंतर आहे. असा आकडा दिसला तर मीटर बिघडला म्हणून परत पाठवू नका, तारांची अदलाबदल करा. डीबीचं दार पत्र्याचं असेल तर वायफायची रेंज आधीच बघून घ्या.

काहींना हा मीटर कंपनीचा मीटर ‘पळतो’ हे सिद्ध करायला हवा असतो. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर भांडायला जाऊ नका, तेवढी चूक आपल्याच क्लॅम्पची असू शकते. दहा टक्के फरक सलग दिसत राहिला तर तपासणीचा अर्ज द्या. मीटर कधीच चुकत नाहीत असंही नाही. नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही इलेक्ट्रॉनिक मीटर डिमरवरच्या दिव्यांमुळे ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त वाचन देताना आढळले. पण ती मुद्दाम लावलेली कठीण परिस्थिती होती, सर्वसाधारण घराची नव्हे.

शेवटचा मुद्दा माहितीचा. तुमचा वीजवापर बघून तुम्ही कधी उठता, कधी बाहेर असता हे कोणीही सांगू शकतं. नेदरलँड्समध्ये २००९ साली स्मार्ट मीटरची सक्ती वरिष्ठ सभागृहात अडली ती याच खासगीपणाच्या मुद्द्यावर. त्याहून रोजच्या व्यवहारातली अडचण म्हणजे सगळी माहिती उत्पादक कंपनीच्या सर्व्हरवर पाठवणारं उपकरण त्या सर्व्हरसोबतच मरतं. तेव्हा घरच्या नेटवर्कवर थेट वाचन देणारं, मॉडबस किंवा एमक्यूटीटी (उपकरणांनी आपसात आकडे देण्याच्या खुल्या पद्धती) बोलणारं, होम असिस्टंटला (घरच्याच संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडता येणारं मॉडेल घ्या. आणि विकत घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा की इंटरनेट बंद असताना आकडे दिसतात का.

तुमच्या बाबतीत सोलर, गाडी किंवा वेळेनुसार दर यातलं काही असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा आज रात्री दिव्याचे सेकंद मोजा आणि पाया किती वॅट निघतो ते इथे सांगा, सोबत गेल्या वर्षीच्या याच महिन्याची युनिट. रुपये नकोत, युनिट. बऱ्याचदा बिल वाढलेलं असतं ते दरामुळे आणि वापर जिथल्या तिथे असतो.