वायफाय दिसत नाही म्हणून पुन्हा इन्स्टॉल करू नकोस

भाऊ, जळगावला जुन्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा लिनक्स मिंट (विंडोजसारखी, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं तेव्हा वायफायच दिसेना. चिडून चार वेळा इन्स्टॉल केलं. तू आता तेच करतोयस. त्याने बिघाड कळत नाही, नुसती रात्र जाते. आधी टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' (lspci, आतल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी) कमांडने वायफायची चिप कोणती ते बघ. ब्रॉडकॉम कंपनीच्या बऱ्याच चिपांना वेगळा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू कर, नेट येईल. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर घे.

एरर आली की पूर्ण वाच. काय केल्यावर आली ते तारखेसह वहीत लिही. माझं खरं शिक्षण त्या वहीतच झालं. न समजलेली कमांड 'सुडो' (sudo, म्हणजे अ‍ॅडमिनच्या पूर्ण अधिकाराने) लावून चालवू नकोस, माझी अख्खी सिस्टिम तशीच गेली होती. टाइमशिफ्ट (बिघडल्यावर सिस्टिम आधीच्या स्थितीत नेणारं टूल) आजच सुरू कर. पण मूळ सेटिंगमध्ये त्यात तुझे फोटो, कागदपत्रं येत नाहीत, ती वेगळ्या डिस्कवर ठेव.

आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, डेस्कटॉपवर अपडेट मध्येच तुटतं. घाबरू नकोस, अर्धवट पॅकेजं डीपीकेजीच्या (dpkg, मिंटमध्ये सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारी कमांड) 'कॉन्फिगर' पर्यायाने बहुतेक वेळा पूर्ण होतात.

रविवारी भुसावळला येतोय. वही काढून ठेव.