पाचवी सीट

“ताई, गाडी घ्यायची की नाही हे ठरवायला समुपदेशन लागतं का?” गुहागरकडचे एक बागायतदार आत येताच म्हणाले. लागतं. मोठ्या खरेदीवरून महिनोन्महिने अबोला धरलेली जोडपी माझ्याकडे नेहमी येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांना मारुतीची जिम्नी हवी होती. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद), खड्या चढासाठी लो रेंज गिअर, 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची), सगळं तोंडपाठ. बागेकडे जाणारा जांभ्याचा चढ पावसात शेवाळतो, तिथे अशी गाडी उपयोगी पडेल, हे खरंच होतं. पत्नीचा आक्षेप पैशांचा: दहा लाखांचं कर्ज 7 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याला सुमारे 16,000 रुपये हप्ता. आंब्याचे पैसे वर्षातून एकदा येतात, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मग ती हळूच म्हणाली, “अहो, त्या गाडीत चौघंच बसतात. आपण पाच. आई कुठे बसणार?”

ते गप्प झाले. बराच वेळ.

मग 22 जुलै 2021 निघाला. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आई तिथल्या घरात एकटी, माळ्यावर. फोन बंद. हे रस्त्यावर अडकलेले, साध्या हॅचबॅकमध्ये. “तेव्हा दणकट गाडी असती तर पोचलो असतो.” चार वर्षं हे वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी त्यांना स्पष्टच सांगितलं: नसता पोचलात. वाहतं पाणी दोन फूट झालं, तरी ते बहुतेक गाड्यांना ओढून नेतं, एसयूव्हीलाही. इंजिनच्या हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की फोर बाय फोरही जागीच बंद पडते. हे ऐकताना त्यांचे डोळे भरले. अपराधाची टोचणी अशी एखाद्या वस्तूच्या आड जाऊन बसते. म्हणून अडलेल्या खरेदीत मी आधी विचारते, ही वस्तू कुठल्या दिवसासाठी हवी आहे? येणाऱ्या की होऊन गेलेल्या?

दोन कामं दिली. एक, महिनाभर वही: कुठे गेलो, किती जण, साध्या गाडीने अडलं का. दुसरं, आईशी त्या दिवसाबद्दल बोलायचं. हे जास्त अवघड होतं.

वहीत एकतीस दिवसांत तीनदा अडल्याची नोंद होती, तिन्ही वेळा बागेच्या चढावर. तिथे सध्या पिकअप भाड्याने सांगायची, आणि पुढचा हंगाम हातात आल्यावर जिम्नीचा विचार पुन्हा करायचा, असं दोघांनी मिळून ठरवलं. ती गाडी त्यांना मनापासून आवडते, त्यात चूक काहीच नाही.

आई शेवटच्या भेटीला स्वतः आल्या. लेकाकडे बघत म्हणाल्या, “माळ्यावर बसून मी देवाला एकच सांगत होते, हा घरातनं निघालेला नसू दे.”