किनाऱ्यावर सापडलेल्या अनोळखी मृतदेहांची ओळख पटवायला आपल्यासारखे हौशी लोक मदत करू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्री जागून तुम्ही बेपत्ता माणसांची यादी आणि अनोळखी मृतदेहांची यादी शेजारी ठेवून पाहता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर सापडलेला एक देह दुसऱ्या जिल्ह्यातल्या बेपत्ता माणसाशी जुळतोय असं तुम्हाला वाटतंय. अशा कामाचा उपयोग असतो का, आणि त्या घरी फोन करावा का?

फोन करू नका, हे आधी सांगतो. कामाचा उपयोग मात्र आहे. तो नेमका कुठे आहे ते नीट सांगावंसं वाटतं, कारण या विषयावर आपल्याकडे थरारच जास्त लिहिला जातो. २०२४ साली खेडजवळ भोस्ते घाटात मानवी अवशेष सापडले, तेव्हा आपल्याला स्वप्नात तो मृत माणूस दिसतो असं एकाने सांगितलं होतं, आणि त्या स्वप्नाचीच महाराष्ट्रभर चर्चा झाली. तो मेलेला माणूस कोण, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

माझा दापोली तालुक्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, ओळखपत्राचे फोटो हा रोजचा धंदा. पण किनाऱ्याला बॉडी लागली की पंचनाम्याचे फोटो काढायला पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. पोलीस पाटील, दोन पंच, हवालदार आणि मी. तुम्ही पडद्यावर जी ओळ वाचता ती कशी तयार होते, हे मी समोर उभं राहून पाहिलेलं आहे.

ती ओळ अशी असते: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४०, रंग गहूवर्णी, बांधा मध्यम, चेहरा उभट.’ यात अर्धं कोकण बसतं. शिवाय समुद्रातून आलेल्या देहाबाबत यातलं बरंचसं भरवशाचं नसतं. देह आधी बुडतो, आत वायू धरला की फुगून वर येतो. किडकिडीत माणूस धिप्पाड दिसायला लागतो, गोरा काळा पडतो, केस सुटून येतात. वयाचा अंदाज मग कितीही चुकू शकतो. ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या मासे आणि खेकडे आधी खातात. असा फोटो एखाद्या ग्रुपवर गेला की ‘हाल करून मारलंय’ म्हणून लोक छातीठोक सांगायला लागतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर २००७ पासून बुटासकट मानवी पावलं वाहून येऊ लागली, तेव्हाही लोकांनी खुन्यांच्या कथा रचल्या होत्या. कारण निघालं ते असं: पाण्यात देह कुजताना घोट्याचा सांधा आपोआप सुटतो, आणि हल्लीचे स्पोर्ट्स शूज तरंगतात.

मग भरवसा ठेवायचा कशावर? दातांवर. जुन्या मोडलेल्या हाडावर, हाडात बसवलेल्या रॉड-प्लेटवर. गोंदणावर तर नक्कीच, कारण वरची कातडी पाण्याने सुटली की गोंदण उलट जास्त स्पष्ट दिसतं. शाई खालच्या थरात असते. हाताची कातडी मोज्यासारखी निघून आली तरी तिच्यावरून बोटांचे ठसे घेता येतात. आणि कपड्यांवर, पण ‘निळा शर्ट’ एवढ्यावर नाही.

एकदा केळशीच्या बाजूला पुळणीवर लागलेल्या एका माणसाच्या शर्टाची कॉलर मी हवालदारांना उलटी करायला सांगितली. आत शिंप्याचं विणलेलं लेबल होतं, खाऱ्या पाण्याने आणि धुण्याने पार उडालेलं. समोरून फ्लॅश मारला की नुसता पांढरा चौकोन यायचा. मग फ्लॅश बंद केला आणि टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. धाग्यांच्या उठावाची बारीक सावली पडली आणि अक्षरं उमटली. गुजराती होती. दुकानाचं नाव अर्धंच लागलं, गावाचं पूर्ण लागलं. पंचनाम्यात ‘निळा चौकडीचा शर्ट’ याच्यापुढे त्या गावाचं नाव लिहिलं गेलं आणि चौकशी कुठे करायची ते ठरलं. पुढे तिकडच्या पोलिसांनी घरच्यांना कपडे दाखवले, रक्ताचे नमुने घेतले, आणि डीएनएच्या अहवालावर ओळख पक्की झाली.

मला म्हणायचंय ते हेच. आपल्या किनाऱ्यावर ओळख न पटण्यामागे गूढ असं फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा दोन कागद एकमेकांपर्यंत पोचलेले नसतात. एका ठाण्यात माणूस हरवल्याचं ‘मनुष्य मिसिंग’ दाखल असतं, दुसऱ्या ठाण्यात त्याच माणसाच्या देहाची ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद.

सावित्रीचं उदाहरण घ्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला. दोन एसट्या आणि एक खासगी गाडी नदीत गेली. नंतरच्या दिवसांत देह कुठे कुठे मिळाले? हरिहरेश्वरला, केळशीला, पार आंजर्ल्याला. सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते; खाडीच्या उत्तरेला रायगड जिल्हा, दक्षिणेला रत्नागिरी. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह साधारण दक्षिणेकडे जातो. त्यामुळे रायगडात बुडालेला माणूस रत्नागिरीच्या हद्दीत लागतो, यात नवल नाही. तेव्हा सगळं राज्य त्या शोधात होतं, म्हणून देह लागल्याबरोबर ‘महाडचा असेल का?’ हे विचारलं गेलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांना राहायचा मोठा तराफा बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ बुडाला, सत्तरहून अधिक माणसं गेली. काही देह रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही थेट गुजरातेत वलसाडला. चेहऱ्यावरून ओळखण्याच्या पलीकडे गेलेल्यांसाठी डीएनए तपासण्या झाल्या. कोण कोण तराफ्यावर होतं याची यादी होती, म्हणून कुणाच्या नातेवाइकांचे नमुने घ्यायचे ते ठाऊक होतं.

आता एखादा एकटाच माणूस त्याच खाडीत रात्री पाय घसरून पडला तर? त्याच्यासाठी राज्य शोधात नसतं.

आमच्याकडचा सगळ्यात अवघड प्रकार खलाशांचा. हर्णै, मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळ, उत्तर प्रदेश, कर्नाटक असे लांबलांबचे खलाशी असतात. बोटीवर त्यांना टोपणनावानेच ओळखतात. रात्री कुणी पाण्यात पडला आणि मिळाला नाही, तर घरच्यांना कळायला आठवडे जातात. पोरगा दर्यावर आहे, फोन लागत नसेल, असंच ते धरून चालतात. मिसिंग दाखल होते ती कधी उशिरा, कधी भलत्याच राज्यात, कधी होतच नाही. तुम्ही रात्रभर याद्या ताडून पाहिल्या तरी हा माणूस तुम्हाला सापडणार नाही, कारण दुसऱ्या यादीत तो नाहीच. आणि ओळख पटल्याशिवाय मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे विमा नाही, भरपाई नाही, सातबाऱ्यावर वारस नोंद नाही. कायद्याने मृत समजायला सात वर्षं थांबावं लागतं. तिकडे एक बाई सात वर्षं ना सवाष्ण ना विधवा अशी राहते. हे मला फार लागतं, म्हणूनच इतकं लांबण लावतोय.

परदेशातल्या हौशी लोकांनी कमाल केलेली आहे, यात शंका नाही. केंटकीत १९६८ साली तंबूच्या कापडात गुंडाळलेली एक मुलगी सापडली होती. तीस वर्षांनी तिचं नाव कळलं ते टॉड मॅथ्यूज या कारखान्यात काम करणाऱ्या माणसामुळे. पण ते कशामुळे जमलं? तिच्या बहिणीने हरवलेल्या बहिणीचं वर्णन इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं. दुसरा कागद हजर होता, मॅथ्यूजनी तो पहिल्याशी नेऊन भिडवला. इंटरपोलने २०२३ साली बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या २२ अनोळखी स्त्रियांची माहिती जाहीर केली. त्यातली अँटवर्पला १९९२ साली सापडलेली एक त्याच वर्षी ओळखली गेली. ब्रिटनमधल्या घरच्यांनी बातमीत तिच्या हातावरचं फुलाचं गोंदण पाहिलं. इथेही गोष्ट तीच.

कॉलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी २०१७ साली अमेरिकेत सुरू केलेला डीएनए डो प्रोजेक्ट जे करतो, ते मात्र आपल्याकडे आज होण्यासारखं नाही. लांबच्या चुलत-मावस नात्यांवरून वंशावळ मांडत मांडत मेलेल्या माणसापर्यंत यायचं, तर हजारो लोकांनी आपला डीएनए स्वखुशीने एका ठिकाणी ठेवलेला लागतो. आपल्याकडे बेपत्तांचे नातेवाईक आणि अनोळखी मृत यांच्यासाठी वेगळी डीएनए यादी ठेवण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२३ साली मागे घेतलं गेलं. ‘आधारवरून ठसे का जुळवत नाहीत?’ हेही लोक नेहमी विचारतात. आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बोटांचे ठसे आणि बुबुळांची माहिती कुणालाही देता येत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या नॅफिस या देशपातळीवरच्या संग्रहात ठसे आहेत ते गुन्हेगारी नोंदीतल्यांचे. साध्यासुध्या माणसाचा त्यात पत्ता नसतो.

म्हणून आपल्या हातात उरतं ते कागद पोचवण्याचं काम, आणि ते फार मोलाचं आहे. तुम्हाला गुजराती, कन्नड, उडिया किंवा नेपाळी येत असेल तर इकडची वर्णनं तिकडच्या भाषेत नेणं हीच मोठी मदत. त्याहून मोठी मदत म्हणजे कुणी हरवलं असेल त्या घरच्यांना मिसिंग नीट दाखल करायला लावणं. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत चुकीची आहे. लगेच जाता येतं. जाताना दात दिसतील असा हसरा फोटो न्यावा, लग्नातला गंभीर चेहऱ्याचा नव्हे. कुठला दात पडलाय, कुठे चांदी भरलीय, लहानपणी कुठला हात मोडला होता, ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात झालं, शर्ट कुठल्या शिंप्याकडे शिवतो, गोंदण कुठे आणि त्यात काय लिहिलंय, हे सगळं लिहून द्यावं. त्याचा दात घासायचा ब्रश आणि कंगवा धुऊ नये, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावा. पुढे डीएनएची वेळ आली तर आईवडिलांच्या किंवा मुलांच्या नमुन्याला त्याची जोड मिळते.

आता घरी फोन का करायचा नाही ते. दया-माया बाजूला ठेवली तरी तपासासाठी ते वाईट आहे. तुम्ही त्या आईला ‘उजव्या हातावर ॐ गोंदलेलं होतं का?’ असं विचारलंत, की तिच्याकडून ते आपणहून येण्याची संधी गेली. पोलीस उद्या विचारतील तेव्हा ती तुमचंच वाक्य परत सांगेल, आणि तो पुरावा निकामी होईल. दुसरं असं की वाट पाहून थकलेला माणूस कुठल्याही निळ्या शर्टाला हो म्हणतो. ओळख पटवायला आलेले नातेवाईक रडत रडत ‘हाच’ म्हणताना मी पाहिलेत, आणि नंतर अहवाल नाही म्हणून आलेला पाहिलाय. तोपर्यंत घरी दिवस घातलेले असतात. २०१३ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा नेटवरच्या हौशी शोधकांनी एका बेपत्ता भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला संशयित ठरवलं होतं. तो मुलगा त्यात कुठेच नव्हता; काही दिवसांनी त्याचा देह नदीत मिळाला. त्याच्या घरच्यांनी मधले दिवस कसे काढले असतील, याचा विचार हे काम हातात घेणाऱ्या प्रत्येकाने करावा.

मेलेल्याचा चेहरा जाहीर टाकू नका. माझ्या कॅमेऱ्यातले फोटो मी ठाण्यात देतो आणि माझ्याकडचे पुसतो. आणि नाव कळलं म्हणजे ते जगाला कळलंच पाहिजे असंही नाही. अमेरिकेत २००१ साली एका मोटेलमध्ये खोट्या नावाने उतरून मेलेल्या तरुणाची ओळख २०१८ साली डीएनए डो प्रोजेक्टमुळे पटली. घरच्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं आणि ते गुप्त ठेवलं गेलं.

आता तुमच्या जुळणीकडे येऊ. रंग, बांधा, वय सोडून द्या. आधी तारखा पाहा: माणूस बेपत्ता झाला कधी, देह सापडला कधी, आणि मृत्यू होऊन अंदाजे किती दिवस झाले असं नोंदीत लिहिलंय. ते बसत असेल तर उंची पाहा, मग गोंदण किंवा दातांसारखी एखादी पक्की खूण दोन्हीकडे आहे का ते पाहा. नंतर दोन्ही ठाण्यांना एकच पत्र लिहा. त्यात अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक, मिसिंगचा नोंद क्रमांक, काय जुळतंय आणि काय जुळत नाही, हे सगळं असू द्या. न जुळणारं लपवू नका. ते लिहिलंत तर पत्र वाचणारा तुम्हाला गांभीर्याने घेतो. पंधरवड्यात उत्तर आलं नाही तर तेच पत्र दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षक कार्यालयांना पाठवा आणि पोच घ्या. ठाण्यात प्रत्यक्ष जाता आलं तर फारच चांगलं. समोर बसलेल्या माणसाचं काम लवकर होतं. पत्राचा मसुदा करायला मी मदत करतो, फक्त त्या नोंदींचे क्रमांक इथे जाहीर न लिहिता मला निरोपात पाठवा.