मंडळीच्या की मंडळींच्या?

नाना पेठेतल्या एका वाचकाने गल्लीतल्या फलकाचा फोटो पाठवला आहे. त्यावर लिहिलंय: 'मंडळीच्या वतीने मतदार नोंदणी शिबिर. रविवारी उपासनेनंतर.' वाचकाचे प्रश्न दोन. 'मंडळींच्या' वरचा अनुस्वार छापणाऱ्याने खाल्ला का? आणि सरळ 'चर्चच्या वतीने' न लिहिता 'मंडळी' कशाला?

अनुस्वार कुणी खाल्लेला नाही. तो घातला असता तर चूक झाली असती, आणि ती नुसती शुद्धलेखनाची नव्हे.

आपल्या रोजच्या बोलण्यातली 'मंडळी' म्हणजे माणसं. 'सगळी मंडळी जेवायला बसली.' यात मंडळी एक की अनेक? 'सगळी' आणि 'बसली' ही रूपं स्त्रीलिंगी एकवचनातही चालतात आणि नपुंसकलिंगी अनेकवचनातही, त्यामुळे वाक्य काहीच सांगत नाही. पुढे 'आहे' किंवा 'आहेत' आलं, किंवा विभक्तीचा प्रत्यय लागला, की शब्दाला बाजू घ्यावी लागते. मंडळीने की मंडळींनी, मंडळीला की मंडळींना. आपण घरी बहुतेक वेळा अनेकवचन करतो: 'पाहुणे मंडळींना चहा दिला का?'

मराठी ख्रिस्ती लोकांच्या, त्यातही प्रॉटेस्टंटांच्या बोलण्यात मात्र मंडळी ही एक संस्था आहे. स्त्रीलिंगी, एकवचनी. मंडळीने ठराव केला, मंडळीची वर्गणी, मंडळीचे सभासद. आणि तिचं सरळ अनेकवचनही होतं: मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आशियातल्या सात 'मंडळ्या' आहेत. घरात 'दोन मंडळ्या जेवून गेल्या' असं कुणी म्हणून बघा! हे अनेकवचन टिकलेली दुसरी जागा म्हणजे रंगभूमी. १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणणारी किर्लोस्कर नाटक मंडळी, आणि तिच्या मागोमाग निघालेल्या कितीतरी नाटक मंडळ्या. एकोणिसाव्या शतकात एका उद्देशाने बांधलेल्या गटाला मंडळी म्हणायची रीतच होती. गुजरातीत तर आजही सहकारी संस्थेला 'सहकारी मंडळी' म्हणतात. मराठीत पुढे हे काम 'मंडळ' या शब्दाने बळकावलं: परीक्षा मंडळ, वीज मंडळ, आणि पुण्यात कोणत्याही चौकात गणेश मंडळ. मंडळी बिचारी स्वयंपाकघरात गेली. इतकी, की जुन्या पिढीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको.

एका पाळकसाहेबांबरोबर (म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंबरोबर) मी एकदा मंडपवाल्याकडे गेलो होतो. भाडं ऐकून ते म्हणाले, "मंडळीला विचारून कळवतो." मंडपवाला मनापासून हसला. "विचारा, विचारा. आमच्याकडंपण घरात विचारल्याशिवाय काय हलत नाय." पाळकसाहेबांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. भाडं मात्र थोडं उतरलं.

आता 'चर्च' का नाही? हा इंग्रजी शब्द मागे मागे नेला तर ग्रीक 'कुरियाकॉन'पर्यंत पोचतो, म्हणजे प्रभूचं ते, प्रभूचं घर. त्यात वास्तू आहे. बायबलच्या नव्या करारात ज्याच्या जागी आपण 'मंडळी' वाचतो, तो मूळ शब्द वेगळाच: 'एक्लेसिया'. (गोव्याकडची 'इगर्जी' याच एक्लेसियाची पणती, पोर्तुगीजांच्या घरून आलेली. गंमत म्हणजे तिचाही अर्थ शेवटी इमारतच झाला.) एक्लेसिया हा मुळात देवळातला शब्दच नाही. अथेन्समध्ये नागरिक युद्ध, कर, कायदे यांवर मत द्यायला जमत, ती सभा म्हणजे एक्लेसिया. चावडीचा शब्द.

याचा पुरावा बायबलातच आहे, आणि तो मला फार आवडतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. इफिस शहरात देमेत्रिय नावाचा सोनार ख्रिस्ती प्रचारक पौलाविरुद्ध लोकांना उठवतो, कारण पौलाच्या उपदेशाने अर्तमी देवीच्या रुपेरी देव्हाऱ्यांचा धंदा बसायला आलेला असतो. लोक नाट्यगृहात घुसून दोन तास घोषणा देतात. त्या गोंधळलेल्या जमावाला आणि शहराच्या रीतसर सभेलाही मूळ ग्रीकमध्ये एक्लेसियाच म्हटलं आहे. मराठीत तिथे 'सभा' आहे. पुढच्याच अध्यायात पौल त्याच इफिसमधल्या ख्रिस्ती वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावतो, शब्द पुन्हा एक्लेसिया, आणि मराठीत आता 'मंडळी'. अनुवाद म्हणून हे योग्यच आहे. पण ग्रीक वाचणाऱ्याला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही: गावाची सभा आणि देवाची सभा, दोघींचं नाव एकच. कॅथलिक मंडळी (ही आपली घरगुती, अनेकवचनी!) 'ख्रिस्तसभा' म्हणतात, त्यात तो सूर जरा शिल्लक आहे.

म्हणून 'मंडळीच्या वतीने मतदार नोंदणी' हे शब्दाच्या वंशावळीला धरूनच आहे. वाचकाला ते विचित्र वाटलं, कारण त्याच्या कानातली मंडळी ओसरीवर बसलेली आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्यायचं तर १८९० सालचं पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधलं चहा प्रकरण. मिशनच्या निमंत्रणावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी तिथे जमली, चहा पुढे आला, नंतर नावं छापून आली आणि ख्रिस्ती लोकांकडचा चहा म्हणून प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. 'चहा घेतलेल्या मंडळींना प्रायश्चित्त' हे बरोबर. इथे अनुस्वार काढून एकवचन करून पाहा: 'मंडळीला प्रायश्चित्त'. लगेच चहा पाजणाऱ्यांवरच खटला आल्यासारखं होतं.

वर्तमानपत्रांनी हे टिंब जपायला हवं असं माझं मत आहे. 'चर्चने निषेध केला' या बातमीतून काहीच कळत नाही. धर्मप्रांताने (बिशपच्या हाताखालच्या सगळ्या विभागाने) केला, एका मंडळीने केला, की उपासनेनंतर दारात उभ्या दहा जणांनी? 'मंडळीची भूमिका' म्हणायला ठराव हवा. ठराव नसेल तर 'मंडळींची भूमिका' हाही आडमार्गच, कारण ऐकताना दोन्ही एकच वाटतात. तिथे 'मंडळीतील काही सभासदांचे मत' असं लांबलचक लिहावं. निवडणुकीच्या दिवसांत तर नक्कीच.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही सामावणारा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तेव्हा नाव ठेवलं 'देवाचा दरबार'. मंडळी म्हटलं असतं तर सभासद कोण हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला असता, असा माझा आपला तर्क.

तेव्हा फलक आहे तसा राहू द्या. फक्त कोणती मंडळी ते वर लिहायला सांगा. नाना पेठेत एकाहून जास्त आहेत, आणि रविवारी आधार कार्ड घेऊन भलत्याच दारात उभं राहायला नको.